मंजूर रक्कम आणि हातातली रक्कम : कॉम्प्युटर परिषदांच्या प्रवास अनुदानांचं परीक्षण, कोल्हापूरच्या खिशातून

जून महिन्यात युरोपात पाच दिवसांची परिषद आहे आणि विद्यार्थी कोल्हापूरचा आहे असं धरू. मुंबईहून जाण्या-येण्याचं विमान तिकीट ६० ते ८० हजार. विद्यार्थी दरातली नोंदणी ३० ते ५० हजार. पाच रात्री कुणाबरोबर तरी खोली वाटून घेतली तर ३० ते ४० हजार. शेंगेन व्हिसा सेवाशुल्कासह ११-१२ हजार, विमा दीड-दोन हजार, जेवण आणि तिथला लोकल प्रवास १५ हजार, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या ५ हजार. बेरीज दीड ते दोन लाखांच्या घरात जाते. यूजीसीची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती असली तरी महिन्याला ३७,००० मिळतात, आणि अनेक एमटेक-पीएचडीवाल्यांकडे तीही नसते. म्हणून प्रवास अनुदान.

अनुदानं आहेत, आणि लोक समजतात त्यापेक्षा बरीच आहेत. पण त्यांच्या जाहिरातीत रक्कम ठळक असते आणि ती कधी मिळणार हे तळाशी बारीक अक्षरात. जवळजवळ सगळी अनुदानं प्रतिपूर्तीची आहेत : आधी तुम्ही खर्च करा, जाऊन या, बिलं पाठवा, मग पैसे. म्हणजे १ लाख मंजूर झाले तरी ते १ लाख आधी कुठून तरी उभे करावेच लागतात. सोनेतारणावर वार्षिक १२ टक्के व्याज धरलं तर १ लाखाला चार महिन्यांचे ४,००० रुपये होतात. हे व्याज कोणतंही अनुदान भरून देत नाही. म्हणून इथे गुण देताना रक्कम दुसऱ्या नंबरावर ठेवली आहे. पैसे किती आधी हातात येतात, किंवा खर्च मुळातच किती टळतो, हा पहिला निकष.

या निकषावर सगळ्यात वर येतं ते अनुदान म्हणून कुणी मोजतच नाही : विद्यार्थी स्वयंसेवक होणं. मानव-संगणक संवादाची सीएचआय ही परिषद घ्या (उच्चार ‘काय’, त्यामुळे घरी सांगताना दोनदा सांगावं लागतं). तिथे साधारण २० तास काम केलं की नोंदणी शुल्क माफ. नोंदणी टेबलावर बसणं, सभागृहात माईक फिरवणं, वक्त्याचा लॅपटॉप जोडून देणं, असं काम. ३०-४० हजार खर्चच होत नाहीत, म्हणून परत मागायचा प्रश्न नाही. इतर अनेक मोठ्या परिषदांतही ही सोय असते. खोच दोन ठिकाणी आहे. निवड बऱ्याचदा सोडतीने होते, आणि अर्जाची मुदत पेपरचा निकाल लागण्याआधीच संपू शकते. तेव्हा पेपर पाठवला त्याच आठवड्यात स्वयंसेवकाचा अर्जही टाकून ठेवावा. तोटा काही नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला कारण विमान आणि खोली तुमचीच राहते.

दुसऱ्या नंबरावर एसीएमच्या, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या जागतिक संघटनेच्या, विशेष गटांची (सिग्जची) अनुदानं. प्रोग्रामिंग लँग्वेजवाल्या सिगप्लॅनची ‘पॅक’ नावाची समिती पीएलडीआय, पीओपीएल, आयसीएफपी, स्प्लॅश अशा आपल्या परिषदांना येणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करते. वरच्या सीएचआय परिषदेमागच्या सिगकायचं गॅरी मार्सडेन प्रवास अनुदान आहे. नेटवर्किंगच्या सिगकॉमचं ‘जिओडायव्हर्सिटी’ अनुदान तर जिथून माणसं कमी येतात अशा देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच ठेवलं आहे. अर्ज सुटसुटीत असतो : एक निवेदन, मार्गदर्शकाचं पत्र, खर्चाचा तक्ता. कुठल्या बाबूच्या टेबलावर फाईल अडकत नाही. पण पैसे परिषद संपल्यावर, पावत्या पाहून. सिगकायला सभासदत्व लागतं. ते अर्ज करण्याआधी काढायचं, नंतर नाही. पाचपैकी चार.

याच कुळातली एक सोय कोल्हापुरात फारशी माहीत नाही, आणि ती खरी उपयोगाची आहे. सिगप्लॅनच्या परिषदांबरोबर पीएलएमडब्ल्यू नावाची मार्गदर्शन कार्यशाळा होते, पहिली २०१२ साली पीओपीएलबरोबर झाली. तिची शिष्यवृत्ती मिळवायला पेपर लागत नाही. क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्यांसाठीच ती आहे, आणि तिच्यातून प्रवास, मुक्काम, नोंदणी यांना हातभार लागतो. पेपर नसलेल्यांसाठी दुसरी वाट एसीएम-डब्ल्यूची, म्हणजे एसीएमच्या महिला शाखेची. ही विद्यार्थिनींसाठी : त्याच खंडातल्या परिषदेला ६०० डॉलरपर्यंत, खंडाबाहेर १,२०० डॉलरपर्यंत. पेपर सादर करण्याची अट नाही आणि अर्ज वर्षात अनेक टप्प्यांत घेतले जातात. एमएससीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने ‘माझा पेपर कुठे आहे’ म्हणून मागे राहू नये. या दोन्हींना पाचपैकी चार.

एसीएमची विद्यार्थी संशोधन स्पर्धा, एसआरसी, वेगळ्या वाटेची. छोटा सारांश पाठवायचा, निवड झाली तर परिषदेत पोस्टर लावायचं, पुढच्या फेरीत भाषण. प्रवासाला ५०० डॉलरपर्यंत मिळतात, पहिल्या तिघांना ५००, ३०० आणि २०० डॉलरची बक्षिसं. एसीएमचं विद्यार्थी सभासदत्व आवश्यक. इथे एक शब्द फसवतो. अर्जात ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे आपल्याकडचा पदव्युत्तर : एमसीए, एमएससी, एमटेक, पीएचडी. बीई-बीटेकवाले ‘अंडरग्रॅज्युएट’. आपण ‘मी ग्रॅज्युएट आहे’ म्हणतो ते पदवी झाली या अर्थाने. त्या सवयीने भलत्याच गटात अर्ज पडतो. पदव्युत्तर गटात काम एकट्याचं लागतं, दोघांचा प्रकल्प चालत नाही. ५०० डॉलरमध्ये विमानाचं पूर्ण तिकीटही निघत नाही, म्हणून ही एकटी पुरत नाही. दुसऱ्या अनुदानाला जोडायला मात्र उत्तम. पाचपैकी तीन.

आता सरकारी बाजू. पूर्वीच्या सर्बची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना, आयटीएस, आता एएनआरएफ या केंद्राच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आहे. २०२३ च्या कायद्याने ही संस्था उभी राहिली आणि सर्ब तिच्यात गेलं. जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी भाडं, व्हिसा शुल्क, तरुण संशोधकांना नोंदणी शुल्क, असं तिचं स्वरूप. राहण्या-जेवणाचं काही नाही. एकदा लाभ घेतला की पुढची तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून पहिल्याच छोट्या परिषदेवर ती उडवू नये. रक्कम या यादीत सगळ्यात जड. पण निर्णय अनेकदा प्रवासाच्या तोंडावर येतो आणि तिकीट तोवर स्वतःच्या जोखमीवर काढावं लागतं. वाट बघत बसलात तर जूनचं ६५ हजारांचं तिकीट ९० हजारांना घ्याल, आणि मंजुरी आली तरी फरक अंगावर.

सरकारी पैशाच्या तिकिटाची आणखी एक खोच आहे. जून २०२२ च्या अर्थ मंत्रालयाच्या आदेशाप्रमाणे सरकारी खर्चाचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचं असतं, आणि शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी. तुमच्या योजनेच्या अटींत हे आलं असेल तर राजारामपुरीतल्या ओळखीच्या एजंटाकडून दोन हजार स्वस्त मिळालेलं तिकीट महागात पडतं, कारण ते बिलच ग्राह्य धरलं जात नाही. अटी आधी वाचा, तिकीट नंतर काढा. रकमेला पाच, वेळेला दोन, सरासरी साडेतीन.

एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस ही भारतातल्या कॉम्प्युटर संशोधकांची संघटना मिळून भारतातल्या विद्यार्थ्यांना नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांसाठी प्रवास अनुदान देतात. ते अंशतः असतं, पण वाचणारी माणसं याच क्षेत्रातली, त्यामुळे परिषद कोणत्या तोडीची आहे हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. याच आयएआरसीएसची एफएसटीटीसीएस ही परिषद १९८१ पासून दर डिसेंबरात भारतात होते. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, रेल्वेचं तिकीट. पहिल्या परिषदेसाठी परदेशच हवा हा हट्ट कुणी धरत असेल तर त्याला हा खर्चाचा फरक दाखवावा.

यादीतून सरळ वगळायची एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच परिषदांच्या पानावर ‘विद्यार्थी प्रवास अनुदान’ म्हणून जो पैसा दिसतो तो तिथल्या एनएसएफचा, म्हणजे सरकारी विज्ञान निधी संस्थेचा, असतो आणि तो अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्यांपुरताच असतो. पात्रतेचं ते एक वाक्य न वाचता दोन दिवस निवेदन लिहिण्यात घालवणारे कमी नाहीत. मात्र अशा परिषदेत बहुधा दुसरी एक छोटी थैली असते, सिगची किंवा प्रायोजक कंपनीची. अनुदान समितीच्या प्रमुखांना दोन ओळींची मेल करावी : भारतातल्या विद्यापीठाचा विद्यार्थी कोणत्या निधीतून पात्र आहे? उत्तर येतं.

आणि शेवटी आपली स्वतःची संस्था. आयआयटीत संशोधक विद्यार्थ्याला प्रवासाची ठरलेली तरतूद असते, पीएमआरएफवाल्याला, म्हणजे पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती असलेल्याला, वर्षाला २ लाखांचा संशोधन निधी. संलग्न कॉलेजात असं काही नसतं. असतं ते ‘अर्ज करून बघा’. तरीही अर्ज करावा, आणि पूर्वपरवानगी मिळाल्याशिवाय एक रुपया खर्च करू नये. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य या क्रमाने, ‘मार्फत’ लिहून. नंतरच्या तारखेची परवानगी लेखा विभाग मानत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. मागायचं असेल तर प्रतिपूर्ती मागू नका, उचल मागा. निम्मी मिळाली तरी तिची किंमत बाहेरच्या पूर्ण अनुदानाइतकी, कारण ती आधी मिळते. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं ते या गावात. तिथे पोराला आधी जेवायला वाढत, जेवल्याची पावती आण मग बघू असं म्हणत नसत.

अर्ज कुठे पडतात ते बघू. पहिली जागा मार्गदर्शकाचं पत्र. आपल्याकडचं पत्र ‘विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक आणि सुस्वभावी आहे’ इथे सुरू होऊन तिथेच संपतं. समितीला हवं असतं ते वेगळंच : हा नियमित विद्यार्थी आहे का, पेपरात त्याचा वाटा काय, पेपर तोच मांडणार का, आणि मार्गदर्शकाकडे प्रकल्पाचा पैसा आहे की नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार. ‘माझ्याकडे या प्रवासासाठी कोणताही प्रकल्प निधी नाही’ हे स्पष्ट लिहिलेलं पत्र चार विशेषणांपेक्षा जास्त काम करतं.

दुसरी जागा निवेदन. घरच्या परिस्थितीवर दीड पान लिहून शेवटी परिषदेचं नाव येतं. उलट करावं. कोणत्या सत्रांना बसणार, कोणत्या कामाबद्दल कुणाशी बोलायचं आहे, त्याने तुमच्या प्रबंधातला कोणता अडलेला भाग पुढे सरकेल. परिस्थिती दोन वाक्यांत आणि बाकी तक्त्यात. तक्त्यात प्रत्येक बाब, रक्कम, ती कुठून काढली (तिकिटाचा त्या दिवसाचा दर, हॉटेलचा दर), आणि इतर कुठे अर्ज केला आहे. दोन ठिकाणी अर्ज करणं गैर नाही. एकच बिल दोन्हीकडे लावणं गैर. विमान एका अनुदानातून, नोंदणी आणि खोली दुसऱ्यातून, असं आधीच वाटून दाखवलं तर समितीलाही सोपं जातं.

नोंदणी शुल्कातही एक फट आहे. बऱ्याच परिषदांत प्रत्येक पेपरमागे किमान एका लेखकाने पूर्ण दराची नोंदणी करावी लागते, विद्यार्थी दर त्यासाठी चालत नाही. अनुदान मात्र विद्यार्थी दराइतकंच देतं. वरचा फरक कोण भरणार हे मार्गदर्शकाशी आधी बोलून घ्या. शिवाय २०२६ पासून एसीएमचं सगळं प्रकाशन खुल्या वाचनाचं झालं आहे. तुमची संस्था एसीएम ओपनमध्ये (संस्थेनेच एकत्र पैसे भरायच्या योजनेत) नसेल तर प्रकाशन शुल्काचा प्रश्न उभा राहतो, आणि प्रवास अनुदानातून ते निघत नाही. भारतासारख्या देशांना मिळणारी सवलत आपल्या पेपरला लागू होते का, हे पेपर स्वीकारल्याच्या मेलबरोबरच विचारावं.

व्हिसाची साखळी अशी : नोंदणीचे पैसे भरले की निमंत्रणपत्र, निमंत्रणपत्र मिळालं की व्हिसाचा अर्ज, व्हिसा मिळाला की प्रवास, प्रवास झाला की अनुदान. पहिली कडी तुमच्या पैशाची. व्हिसा नाकारला गेला तर शेवटच्या कडीपर्यंत पोचताच येत नाही, म्हणून नोंदणी भरण्याआधी ‘व्हिसा न मिळाल्यास शुल्क परत मिळेल का’ हे लेखी विचारून ठेवावं. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, ताणले तर ४५. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. कोल्हापुरात बोटांचे ठसे देण्याची सोय नाही, पुणं किंवा मुंबई गाठावी लागते. अमेरिकेचं शुल्क १८५ डॉलर, मुलाखत मुंबईत बीकेसीला, आणि ठसे वेगळ्या दिवशी. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसच्या रात्री आणखी दोन. पासपोर्ट नसेल तर हे सगळं वाचूच नका, आधी तो काढा : नेहमीचा ३६ पानी १,५०० रुपये, तत्काळला आणखी २,०००.

पासपोर्टवरून नावाचा घोळ. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. बँकेत तिसराच क्रम, कधी नुसतं आद्याक्षर. परदेशातून आलेली रक्कम नाव जुळत नाही म्हणून अडकते किंवा परत जाते. परिषदेची नोंदणी, बोनाफाईड, विमान तिकीट आणि अनुदानाचा अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव त्याच क्रमाने लिहावं. बँक खात्याचं नाव वेगळं असेल तर ते प्रवासाआधी दुरुस्त करून घ्यावं.

बँकेचंच पुढे. कोल्हापूर सहकाराचं गाव. अनेकांचं एकमेव खातं सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतं. डॉलर थेट स्वीकारायला स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, लागतो आणि परकीय चलनाचे व्यवहार करणारी शाखा लागते. पतसंस्थेत ते होणार नाही. एक खातं अशा बँकेत आधीच उघडून ठेवा. फॉर्ममध्ये ‘आयबॅन’चा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकाचा, रकाना येतो. भारतीय बँकांना आयबॅन नसतो. तिथे खातेक्रमांक लिहायचा आणि शेजारी स्विफ्ट कोड. आयएफएससी कोडचा परदेशी बँकेला उपयोग नाही. वाटेतल्या बँका आपापलं शुल्क कापतात, त्यामुळे ५०० डॉलर मंजूर म्हणजे ५०० डॉलर जमा असं होत नाही. अमेरिकी संस्था डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागू शकते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच तो सांगतो, परदेशी कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन लिहायचा.

खर्च शक्यतो स्वतःच्याच कार्डाने करावा. मार्गदर्शकांच्या किंवा मामांच्या क्रेडिट कार्डाने नोंदणी भरली तर पावती त्यांच्या नावाची निघते आणि प्रतिपूर्ती तुम्हाला हवी असते. दुसरा इलाज नसेल तर कार्डधारकाकडून ‘ही रक्कम मी या विद्यार्थ्याच्या वतीने भरली आणि त्याने मला परत केली’ असं सहीचं पत्र घ्या, बरोबर तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साधारण ३.५ टक्के जादा लागतात, त्यावर जीएसटी. ४० हजारांच्या नोंदणीवर हे दीड हजाराहून जास्त होतात. तक्त्यात ही रक्कम धरा, आणि रूपांतराचा पुरावा म्हणून कार्डाचं स्टेटमेंट जोडा.

एजंटाकडून तिकीट घेतलं तर नुसतं ‘विमान तिकीट रु. ६८,५००’ असं हाताने लिहिलेलं बिल चालत नाही. भाडं, कर आणि सेवाशुल्क वेगळं दाखवणारं ई-तिकीट मागून घ्या. एसटीचं किंवा रेल्वेचं मुंबईपर्यंतचं तिकीटही जपा. काही अनुदानं घरापासूनचा प्रवास धरतात, काही फक्त विमान. बोर्डिंग पास जाताना आणि येताना, प्रत्येक टप्प्याचा. मोबाईलवरचा पास उड्डाण झालं की ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, तेव्हा विमानात बसण्याआधीच स्क्रीनशॉट घ्या किंवा काउंटरवर कागदी मागा. हॉटेलच्या आणि जेवणाच्या पावत्या थर्मल कागदावर येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत कोऱ्या होतात. त्या घेतल्या त्याच संध्याकाळी फोटो काढून तारखेच्या नावाने ठेवायच्या.